दम आणि खांदा

ट्रेडमिलला ओलं फडकं लागतं आणि डंबेलला कोरडं. लेडीज जिममध्ये कामाला लागले तेव्हा मला सगळ्यात आधी कळलेली गोष्ट ही. ट्रेडमिलच्या दांड्यावर, बटणांवर, पट्ट्यावर नुसता घाम. डंबेलवर धूळ. सकाळची बॅच संपली की मी एका खांद्यावर ओलं आणि एका खांद्यावर कोरडं फडकं टाकून एका टोकापासून सुरुवात करायचे. ओलं फडकं पुन्हा पुन्हा पिळावं लागायचं. कोरडं नुसतं झटकलं तरी पुरे.

आमची जिम मुलुंड पूर्वेला, एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर आहे. वर बायका घाम गाळतात आणि खालून तूप कढवल्याचा वास येतो. जिना उतरल्यावर निम्म्या जणी श्रीखंडाचा डबा घेऊनच घरी जातात. आमच्या ट्रेनर ज्योती मॅडम म्हणतात, "आपण वर जाळायचं, त्यांनी खाली भरायचं. दोघांचाही धंदा चालतो."

सकाळी शटर उघडायचं, पंखे लावायचे, गाद्या अंथरायच्या, कुणी जमिनीवर टाकून गेलेली वजनं जागेवर ठेवायची, मशीन पुसायची, विसरलेले रबरबँड आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या, हे माझं काम. सगळ्या मला मावशी म्हणतात. माझं नाव बहुतेकींना माहीत नाही, मीही सांगितलेलं नाही. कुणाशी समोरून बोलायचं म्हटलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. मशीन पुसणाऱ्या बाईला फारसं बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला मानवलं.

ज्यांनी जिम आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे दोनच प्रकारचं काम चालतं. एक कार्डिओ. म्हणजे ट्रेडमिलवर चालायचं, सायकल मारायची, दोरीवरच्या उड्या मारायच्या. त्याने छातीतला दम वाढतो. दुसरं वेट. म्हणजे लोखंड उचलायचं. त्याने हाडं आणि स्नायू घट्ट होतात. नव्याने येणाऱ्या बाईला यातलं एकच हवं असतं. दुसऱ्याकडे ती बघतही नाही. ज्योती मॅडमची अर्धी नोकरी तिला दुसऱ्याकडे वळवण्यातच जाते.

हंसाबेनचंच घ्या. त्या आल्या ते थेट ट्रेडमिलवर चढल्या आणि वर्षभर उतरल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला, फोन समोर उभा, त्यावर नणंदेशी लोणच्याच्या गप्पा. मॅडम डंबेल घेऊन गेल्या की त्या हात वर करायच्या. "नको नको ज्योतीबेन, माझी बॉडी पहिलवानासारखी होईल."

"हंसाबेन, पहिलवान व्हायला लोक वर्षानुवर्षं रडतात," मॅडम म्हणायच्या. "तुम्ही चुकून नाही होणार."

मग त्यांची मुलगी परदेशातून आली, सोबत नातू. विमानतळावर त्याने आजीकडे बघून दोन्ही हात वर केले आणि हंसाबेनना तो उचलताच आला नाही. कंबरेपर्यंत आला आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्या ट्रेडमिलकडे न जाता सरळ रॅकपुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला ते लोखंडवालं द्या. जेवढा मुन्ना आहे तेवढं." मॅडमनी त्यांच्या हातात सगळ्यात लहान डंबेल दिलं. त्यांचा चेहरा पडला. "मुन्ना एवढा लहान नाही."

"मुन्नापर्यंत पोचायचंय ना? मग इथून निघायचं."

तन्वी नावाची एक मुलगी याच्या बरोबर उलट. ऑफिसला जाणारी, तरतरीत. तिला फक्त वेट. ट्रेडमिल म्हणजे तिला वेळेचा सत्यानाश वाटायचा. रॉडला मोठ्या चकत्या लावून ती उठाबशा काढायची तेव्हा बाकीच्या बायका हातातलं सोडून बघत राहायच्या. एकदा तिच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. चौथ्या मजल्यावर ती जिन्यातच बसली आणि मागून पिशवी घेऊन येणारे तिचे आजोबा तिला ओलांडून वर गेले. हे तिनेच हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून वेट झाल्यावर ती मुकाट्याने ट्रेडमिलवर जायला लागली.

एकदा मात्र घाबरायची वेळ आली. मार्गशीर्षातला गुरुवार होता. एका बाईंचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही, आणि जिम चुकवायची नाही म्हणून त्या तशाच आल्या. पट्ट्यावर चालताना त्यांची मान एकदम कलली. ट्रेडमिलला एक लाल दोरी असते, ओढली की पट्टा थांबतो. मी शेजारचं मशीन पुसत होते, हातातलं फडकं टाकून ती ओढली. बाई माझ्या अंगावर आल्या. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाल्या, तर "साखर नका देऊ, उपास मोडेल." मॅडम त्यांना म्हणाल्या, "ताई, देवीला उपास चालतो. ट्रेडमिलला नाही चालत." तेव्हापासून मी माझ्या कपाटात गुळाचा खडा ठेवते.

अशी वर्षं गेली. या सगळ्या काळात मी त्या लोखंडाला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. लावावा असंही कधी मनात आलं नाही. तो लावला पालखीमुळे.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवता पालखीत बसून घरोघर येते. देवळापुढे दगडी चौथरा असतो, त्याला सहाण म्हणतात. सहाणेवर आणि मग प्रत्येकाच्या अंगणात पालखी नाचवतात. एक माणूस पुढे, एक मागे, मध्ये देवाचा भार, आणि ढोलाच्या तालावर गरगर फिरायचं, बसायचं, उठायचं, खांदा बदलायचा. माझे बाबा पालखी नाचवणाऱ्यांतले. शिमगा संपला की त्यांच्या डाव्या खांद्यावर लाल वळ उठलेला असायचा, मग तो निळा व्हायचा. आई खोबरेल कोमट करून द्यायची आणि मी चोळायचे. बाबा म्हणायचे, "जोरात चोळ गो, देवाचा भार आहे."

माझ्या खांद्यावर असा वळ कधी उठेल, असं मी त्यांना एकदा विचारलं. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बाय, तुला ओटी भरायची असते. ते काय कमी आहे?"

कमी नव्हतं. पण मला पालखी खांद्यावर हवी होती. लग्न होऊन मुंबईला आले, चाळीतून मुलुंडच्या खोलीत आले, मुलं वाढली, आणि दरवर्षी होळीच्या सुमाराला मला डाव्या खांद्यात काहीतरी जाणवायचं. दुखणं म्हणता येणार नाही. तिथे काहीतरी यायचं राहून गेलंय, तसं.

गेल्या दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची दोघींची वयं सारखी, पन्नाशीच्या पुढची. मी तेव्हा जिममध्येच होते.

"बाय, ऐक. उभी आहेस का बसलीस?"

"पुसतेय."

"फडकं ठेव खाली. शिमग्याला सहाणेवर एक फेर बायकांचा. गावकीत ठरलं."

मी फडकं खाली ठेवलं.

"तानूकाकीने ठरवून घेतलं," वहिनी म्हणाली. "म्हातारी दोन वर्षं पुरुषांच्या डोक्यावर बसली होती. आता जोड्या लावायच्यात. मी पुढे, तू मागे. येशील ना?"

"येते," एवढंच माझ्या तोंडून निघालं. फोन ठेवल्यावर मी तीच ट्रेडमिल परत पुसली.

मॅडमना विचारायला मला बरेच दिवस लागले. रोज ठरवायचे, रोज त्यांच्या आसपास पुसत राहायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, "मावशी, काय झालंय? ते मशीन आता झिजेल."

मी सांगितलं. मॅडम भांडुपच्या, त्यांचं आजोळ मालवणकडचं. पालखी काय असते हे त्यांना समजावावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, जसं नव्या मेंबरकडे बघतात, आणि म्हणाल्या, "दुपारी जिम बंद असते. तेव्हा या. आणि चपला नाही चालणार."

बूट हंसाबेननी टाकून दिलेले होते, त्यांना चावायचे म्हणून. मला पुढे थोडा कापूस घातल्यावर बरोबर बसले. ड्रेसवर जिमचा टी-शर्ट मी रोज घालायचेच. तरी पहिल्या दुपारी आरशात स्वतःला बघवेना. मी मॅडमना म्हटलं, आरशावर चादर टाकू का. त्या म्हणाल्या, "टाका. पण मग पाठ वाकली तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि खालचा डेअरीवाला ऐकेल." मी चादर परत घडी केली.

माझं गणित असं होतं, की बादल्या आणि लोखंडी चकत्या उचलण्यात माझं आयुष्य गेलंय, तेव्हा वेटचा प्रश्न नाही. शिकायचं असेल तर पालखीसारखं धरायला. म्हणून एका दुपारी मॅडम यायच्या आधी मी मोकळा रॉड घेतला, डाव्या खांद्यावर ठेवला आणि मशीनच्या मधल्या जागेत फेर धरला. मनातल्या मनात ढोल चालू होता. दोन फेर झाले असतील नसतील, दारातून आवाज आला.

"मावशी, पाइप घेऊन कुठे चाललात? प्लंबर आलाय का?"

मी थांबले. मान मात्र तिथेच राहिली. पुढचे काही दिवस मी सगळ्या मेंबरांशी सगळं अंग वळवून बोलत होते. घरी ह्यांनी विचारलं, "काय गं, कुस्ती लावलीस का?" मान हलवता येत नव्हती, त्यामुळे नाहीसुद्धा म्हणता येईना.

मॅडमनी मग जमिनीवर बसवून शिकवलं. पालखी खांद्यावर फक्त टेकते, म्हणाल्या. उचलतात पाय. धरून ठेवते पाठ आणि कंबर. खांदा सगळ्यात शेवटी. म्हणून आधी उठाबशा, रिकाम्या हातांनी. त्या मला येत होत्या. चौथीपर्यंतच्या शाळेत मी बऱ्याच काढल्या होत्या. मग हातात लहान डंबेल घेऊन. मग दोन्ही खांद्यांवर सारखा भार येईल असा रॉड. पुढे बरंच झाल्यावर एका हातात वजन घेऊन चालायचं, मग तेच दुसऱ्या हातात.

"आणि दम?" मी विचारलं. "नाचायचं आहे."

"अंग ताजं असताना वेट. ते झालं की थोडं चालायचं. दुसऱ्या दिवशी वेट नाही, फक्त भरभर चालणं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. वाढ त्या दिवशी होते."

काहीच न करण्याची सवय मला नव्हती. मी पहिल्या उत्साहात रोज दोन्ही करत सुटले, मॅडम नसतानाही. गुडघे सुजले. मॅडमनी गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पण हंसाबेनच निघालात. त्या एकच करत होत्या, तुम्ही सगळंच करताय." मला जरा राग आला, पण गुडघे त्यांच्याच बाजूने बोलत होते.

किती भरभर चालायचं याचं एक माप आहे. चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर वेग कमी, बोलता आलं नाही तर जास्त. मॅडमची पंचाईत झाली. "तुम्ही एरवीही बोलत नाही. मला कळणार कसं?" मग त्यांनी मला मोठ्याने पाढे म्हणायला लावले. रिकाम्या जिममध्ये पट्ट्यावर चालत मी बे एके बेपासून सुरुवात करायचे. बारापर्यंत सुरळीत जायचं. तेराला धाप लागायची. तेराचा पाढा संपेपर्यंत पाय आणि तोंड एकत्र चाललं की झालं, असं आम्ही ठरवलं. तिथे कुणी ऐकणारं नव्हतं, तरी सुरुवातीला माझा आवाज चोरटा यायचा. नंतर नंतर तो जिममध्ये घुमायला लागला. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

वहिनीला मी फोनवर शिकवत होते. आमचा समज असा, की गावच्या बाईला काय शिकवायचं, ती रोज चढ चढते. वहिनीही तेच म्हणाली. मग एक दिवस देवळाची घाटी चढताना तिने फोन चालू ठेवला, तेव्हा तिची धाप मला मुलुंडला ऐकू आली. नळ आता तिच्या दारात आहे, गॅस घरात आहे, लाकडाची मोळी तिने कित्येक वर्षांत उचललेली नाही, आणि देवळात जायचं तर दादा मोटरसायकलवर सोडतो. हे तिनेच कबूल केलं.

"पाढा म्हण," मी म्हणायचे.

"मेला पाढा. मला तीनचा पण आठवत नाही."

"मग घोक."

तिने नातीकडून घोकून घेतले. पिशवीत तांदूळ भरून, ती पाठीशी बांधून ओटीच्या पायरीवर उठबस करायला लागली. शेजारणी विचारायच्या, डॉक्टरने सांगितलं का. ती म्हणायची, नणंदेने सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला की आम्ही दोघी आळीपाळीने हिशेब द्यायचो, आज खांदा की दम. आधी आम्ही फोनवर बोलायचो ते कोण गेलं आणि कुणाचं लग्न ठरलं एवढंच. हे नवीन होतं. एकदा ती म्हणाली, "बाय, तू मागे असलीस की मला भीती नाही. मागचा माणूस पक्का लागतो." त्या रात्री मला चांगली झोप लागली.

शिमग्याला गावी गेले. दुसऱ्याच संध्याकाळी सहाणेवर बायकांचा सराव होता. बांबूला वाळूच्या पिशव्या बांधून खोटी पालखी केलेली. तानूकाकी पायरीवर काठी घेऊन बसली होती. वाळलेली, डोळ्यांनी अधू, पण सगळ्यांना आवाजावरून ओळखणारी. वहिनीने बांबूच्या पुढच्या टोकाला हात घातला, मी मागच्या.

"मागे कोण?" काकीने विचारलं.

"माझी नणंद," वहिनी म्हणाली. "मुलुंडहून आलीय. चांगली तयार होऊन आलीय."

काकीने काठी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "माहेरवाशीण आहे ती. हा फेर सुनांचा."

"इथेच जन्मली ती, काकी."

"आणि तू कुठे जन्मलीस? तरी मान तुला इथे. तिचा मान तिच्या सासरी."

ढोलवाला वाजवायचा थांबला. काकीने हात पुढे करून मला जवळ बोलावलं. माझा दंड चाचपला. "दंड तयार केलास बाय," ती म्हणाली. "राग धरू नको. पुरुषांनी एक फेर दिलाय. उद्या म्हणतील, बघा, पाहुण्या पण घुसवल्या. मग हा पण जाईल. तूच सांग, तुझं मन राखू की फेर राखू?"

काकीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मी काहीतरी म्हणायला हवं होतं. निदान एवढं, की ज्या खांद्यावरचा वळ मी चोळला तो याच सहाणेवर उठला होता. बंद जिममध्ये घुमणारा माझा आवाज तिथे फुटलाच नाही. मी म्हटलं, "फेर राखा," आणि बांबू सोडला.

वाटेत वहिनी म्हणाली, "मग मीपण नाही."

"तू नाचवायची. मी तुला तीन महिने फोनवर घाटी चढवली ती कशाला?"

"तुझ्याशिवाय नाही."

"माझं शिकवलेलं तुझ्या पायात आहे. ते घेऊन जा."

ती रडायला लागली. मी नाही रडले. माझं पुढे ढकललं.

वहिनीच्या मागे शेजारच्या घरातली तरणी सून लावली. अंगाने दणकट, भाताची गोण एकटी हलवणारी. मला आमची तन्वी आठवली.

फेराच्या वेळी मी सहाणेच्या खाली, बाकीच्या माहेरवाशिणींत उभी होते. हातात ताम्हण, त्यात खण, नारळ, हळदकुंकू. पुरुषांनी पालखी आणून टेकवली, मागे झाले. वहिनीने पदर खोचला. वाकली नाही. गुडघ्यात बसली, पाठ सरळ ठेवली, खांदा दांड्याखाली आणला आणि पायांवर उठली. अगदी तस्सं. देवाच्या रुप्याच्या मुखवट्यांवर ऊन चमकलं आणि ढोल सुरू झाला.

पहिली गिरकी झकास गेली. दुसऱ्या गिरकीला मागच्या पोरीचं तोंड उघडं पडलं. जोर होता, दम संपला होता. पालखी मागच्या बाजूने कलायला लागली, पुरुषांतले दोघे-तिघे पुढे सरकले. तेव्हा वहिनीने पावलं आखूड केली. मशीनचा वेग एकेक आकड्याने कमी करतात, तसा तिने फेर संथ केला. पोरीला श्वास सापडला, पालखी सरळ झाली, पुरुष जागच्या जागी थांबले.

मग वहिनी फिरत फिरत माझ्यासमोरून गेली. घामाने निथळत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, पाहता येण्यासारखं नव्हतंच. ढोलाच्या वर आवाज काढून ती म्हणाली, "तेरा एके तेरा."

पुढच्या वळणाला, "तेरा दुणे सव्वीस."

शेजारच्या बाईला वाटलं ती देवाचं नाव घेतेय. तिने हात जोडले. मीही पुटपुटत होते, तेरा त्रिक एकोणचाळीस, आणि ताम्हणातला नारळ एकदम घरंगळला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा डावा खांदा खाली झुकलाय आणि पाय फेर धरतायत. खांद्यावर काहीच नव्हतं.

पालखी टेकल्यावर मी ओटी भरली. दांड्याला हात लावला. जिथे वहिनीचा खांदा होता तिथे लाकूड ओलं आणि गरम होतं.

संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून बसली. मी खोबरेल कोमट केलं. डाव्या खांद्यावर लाल वळ उठला होता, बोटभर रुंद, अगदी बाबांच्या जागेवर. मी चोळायला लागले.

"जोरात चोळ गो," ती म्हणाली. मग जराशाने, "तुझा आहे तो अर्धा."

मी जोरात चोळलं.

मुलुंडला परतल्यावर मी शटर उघडत असताना मॅडमनी विचारलं, "मग? कशी झाली पालखी? दाखवा खांदा."

"मला नाही मिळाली," मी म्हटलं, आणि ओढणी सारखी केली.

का ते सांगितल्यावर त्यांनी त्या दिवशी पंखे स्वतःच लावले. मग म्हणाल्या, "आज कार्डिओ की वेट?"

"आज वेटचा वार," मी म्हटलं.

अजूनही दुपारी करते. हंसाबेनचे बूट झिजले, आता नवे घ्यावे लागतील. हंसाबेन मुन्नापर्यंत पोचल्या, पण तोवर मुन्ना आणखी वाढला, त्यामुळे त्यांचं चालूच आहे. डंबेलवर आता धूळ कमी असते. कोरडं फडकंही रोज धुवावं लागतं.

माझं मात्र असं आहे. माहेरी बायका पालखी नाचवतात, तिथे मी पाहुणी. सासरी माझा मान आहे, तिथे बायकांना अजून सहाणेवर चढू देत नाहीत. दोन्ही गावांच्या मध्ये एक खाडी आहे, आणि एका काठावरचा ढोल दुसऱ्या काठावर ऐकू येतो. लग्न झाल्यावर पहिल्या शिमग्याला तो ऐकत मी सासरच्या ओटीवर रात्रभर जागी होते.

परवा सासरी थोरल्या जाऊबाईंना फोन केला. त्या कधी माझ्याशी जास्त बोलत नाहीत, मीही नाही. खुशाली झाली. मग मी विचारलं, "पालखीचं आपल्याकडे काही बोलतात का? बायकांच्या फेराचं?"

"इथे कोण बोलणार गो? इथे कुणी तानूकाकी नाही."

त्यांच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. फोन ठेवावा असं मला वाटलं, घशात ते नेहमीचं आलं होतं. मी ते गिळलं.

"जाऊबाई," मी म्हटलं, "तुम्हाला तेराचा पाढा येतो का?"